आमच्या गाण्यातला साक्षीदार कोठे गेला?

रॅप नावाचा जो गायनप्रकार आज खेड्यापाड्यांतील मुलांच्या कानाला लागला आहे, तो साम्राज्यवादी भांडवलाने आपल्याकडे धाडलेला गोंगाट असून चळवळीच्या व्यासपीठाने त्याला थारा देऊ नये, असे मत आपल्यातील काही ज्येष्ठ साथी शिबिरांतून व बैठकांतून हिरिरीने मांडीत असतात. त्यांच्याशी वाद घालणारे तरुण साथी म्हणतात, काळ बदलला. मोर्च्याला गर्दी हवी असेल तर रॅप म्हणणारा एखादा मुलगा गाठावा, त्याच्या हाती मागण्यांचे पत्रक द्यावे आणि तेच त्याने तालावर म्हणून दाखवावे. मला ही दोन्ही मते सारखीच अमान्य आहेत. एकाला रॅप नको आहे आणि दुसऱ्याला हवे आहे, एवढाच फरक. त्या काव्यात काय सांगितले जाते याची विचारपूस दोघांनीही केलेली नाही. न ऐकता निकाल देण्याची ही रीत न्यायाची भाषा बोलणाऱ्यांना शोभत नाही.

मी ते ऐकले आहे. १९९१ नंतरची काही वर्षे नव्या आर्थिक धोरणाचे समर्थन व खंडन वर्गात शिकविण्यात गेली. त्याच सुमारास परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने काही ध्वनिफिती आणून दिल्या. पहिल्या ऐकण्यात दहा शब्दांपैकी दोन कळले. पुढे त्याच्याकडूनच शब्द उतरवून घेतले. निवृत्तीनंतर चारठाण्यास येऊन राहिल्यावर तीच गाणी, छापील शब्द समोर ठेवून, पुन्हा ऐकली. चारठाण्याच्या ओट्यावर बसून न्यूयॉर्कची गाणी ऐकणारा म्हातारा हा गावात थट्टेचा विषय आहे आणि त्या थट्टेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु बेकारी, गृहनिर्माण, दारिद्र्यरेषा हे विषय उभी हयात टक्केवारीत शिकविलेल्या माणसास त्या गाण्यांत जे आढळले, ते साथींपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

१९९४ साली नास या वीस वर्षांच्या तरुणाचा ‘इल्मॅटिक’ हा गीतसंग्रह निघाला. नास न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढला. १९३९ साली, रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, कामकरी कुटुंबांना परवडणारी घरे म्हणून ही सुमारे तीन हजार घरांची वसाहत उभी राहिली होती. नासची शाळा आठवीनंतर सुटली. या संग्रहात ‘वन लव्ह’ नावाचे एक गाणे आहे व ते पत्ररूप आहे. बाहेर राहिलेला मित्र तुरुंगातील मित्रांना वस्तीची खबर कळवितो. तुला मुलगा झाला, तो तुझ्यासारखा दिसतो. त्याची आई तुला पत्र का लिहीत नाही. कोण कोणावर उलटला. कोण मारला गेला. शेवटच्या भागात निवेदकास एक बारा वर्षांचा पोर भेटतो, तो नुकताच त्या धंद्यात उतरला आहे. निवेदक त्याला वडीलकीने चार शब्द सांगतो. त्यांत काही चांगल्या मार्गाचे असतात आणि काही त्या रस्त्यावर जिवंत कसे राहावे याचे. भाषण कोठेही नाही. ऐकणारा मात्र स्वतःशीच विचारू लागतो, की एका माणसाचे इतके मित्र तुरुंगात असावेत हे कसे?

त्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९८६ साली अमेरिकन काँग्रेसने अमली पदार्थविरोधी कायदा केला. गरीब काळ्या वस्त्यांत खपणाऱ्या क्रॅकचे ५ ग्रॅम जवळ सापडले तर जी किमान पाच वर्षांची कैद, तीच कैद सुखवस्तू गोऱ्यांत चालणाऱ्या भुकटी कोकेनच्या बाबतीत ५०० ग्रॅम सापडल्यावर! द्रव्य मुळात एकच, फरक शंभरपटीचा. हे प्रमाण मी वर्गात फळ्यावर लिहिले असते तर मुलांनी वहीत उतरवून घेतले असते आणि विसरली असती. नासने कलम सांगितले नाही. त्या कलमाने रिकाम्या केलेल्या वस्तीतले एक पत्र वाचून दाखविले.

टुपाक शकूर या कवीचे १९९१ चे गाणे घ्या. ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ हे त्याचे नाव. वर्तमानपत्रात एक बातमी आली होती, बारा वर्षांच्या एका मुलीने आपले अर्भक टाकून दिल्याची. अशा बातमीवर आपल्याकडे अग्रलेख येतो, समाजाच्या अधःपतनाबद्दल हळहळ व्यक्त होते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी येते. टुपाकने त्या मुलीला एक नाव दिले आणि घर दिले. त्या घरातील माणसांना तिचे वाढलेले पोट दिसू नये इतके त्यांचे लक्ष दुसरीकडे आहे. मग ती एकेक दार ठोठावते आणि प्रत्येक दार का बंद होते हे आपण तिच्याबरोबर पाहतो. हे गाणे ऐकल्यावर ‘अल्पवयीन मातांचा प्रश्न’ हे शब्द मला उच्चारवेनासे झाले.

आता ‘परकीय’ हा आक्षेप. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सत्पुरुषांना अर्पण केली. पुण्यातील शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि पलीकडच्या खंडातील काळ्या गुलामांचे दुःख यांचा संबंध त्यांना दीडशे वर्षांपूर्वी दिसला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नाव कोठून आले हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको. टुपाकची आई अफेनी शकूर ही न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. ती गरोदर असताना तिच्यावर खटला चालला, तिने स्वतःच आपला बचाव केला, मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि पुढच्याच महिन्यात टुपाकचा जन्म झाला. म्हणजे ज्या घराण्यातून आपल्या पँथरांनी नाव घेतले, त्याच घराण्यातले हे पोर. त्याला परकीय म्हणावयाचे असेल तर फुल्यांच्या अर्पणपत्रिकेवरही काट मारावी लागेल.

हिपहॉपचा उगम सांगतात तो ११ ऑगस्ट १९७३ चा, ब्राँक्समधील सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीतला. जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने तेथे तबकड्या वाजविल्या. त्या ब्राँक्सची अवस्था काय होती? वस्ती चिरून महामार्ग काढला गेला होता व हजारो कुटुंबे उठविली गेली होती. १९५० नंतरच्या तीन दशकांत न्यूयॉर्क शहरातील कारखान्यांमधील सुमारे निम्मे रोजगार गेले, आणि १९७५ साली खुद्द नगरपालिकाच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा पहिली कात्री शाळांना, दवाखान्यांना व अग्निशामक दलाला लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेल्यानंतरच्या गिरणगावाची कहाणी ज्यांनी पाहिली, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते सर्वांस दिसते. गिरणी सुटल्यावर गावी परतलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे एका माणसापुरते, नावगावासह सांगणारी आपली गाणी किती? मला एका हाताची बोटे पुरेशी होतात.

येथे एक खुलासा केला पाहिजे. पोवाडा म्हणजेच रॅप, आमच्याकडे हे सारे आधीपासूनच होते, असा अभिमानाचा सूर काही मंडळी लावतात. विमानापासून सर्व काही आपल्याकडे पूर्वीच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसावयाचे नाही. पोवाड्याचा ताल वेगळा, प्रसंग वेगळा, त्याच्या मागे राजाश्रयाचा एक मोठा इतिहास आहे. कलगी-तुऱ्याच्या फडातील सवाल-जबाब आणि तिकडील गायकांच्या चढाओढी यांत साम्य जरूर दिसते, पण चढाओढ कोठे नसते? मला महत्त्वाचे वाटते ते साम्य निराळे आहे. आपल्या संतकवींनी अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव घातले. आमच्याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई ही दासी. दळण, कांडण, झाडलोट हे तिचे रोजचे काम, आणि तेच तिच्या अभंगात आले. ज्या काळी दासीच्या शब्दाला साक्षीचे मोल नव्हते त्या काळी तिने आपले नाव आणि आपले काम दोन्ही काव्यात नोंदविले. शाहीरही कवनाच्या अखेरीस आपले नाव व गाव सांगतो. रॅप म्हणणारा मुलगा दर दोन कडव्यांनी आपले नाव व आपली वस्ती घोषित करतो, तेव्हा आमच्या साथींना तो उद्धटपणा वाटतो. न्यायालयात साक्षीदाराला प्रथम नाव आणि राहण्याचे ठिकाण विचारतात, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. आमच्या चारठाण्यात यादवकालीन मंदिरे आहेत, पाहुण्यांना आम्ही ती कौतुकाने दाखवितो. राजघराण्याचे नाव सर्वांना ठाऊक. हे दगड घडविणारा पाथरवट कोण, हे गावात कोणी सांगू शकत नाही.

याच ठिकाणी तिसरा आक्षेप येतो आणि तो आमच्या विचारसरणीच्या नावाने येतो. समाजवादी गाण्यात ‘आम्ही’ असावयास हवे, या पोरांच्या तोंडी सदा ‘मी’; हा व्यक्तिवाद, हा मध्यमवर्गीय अहंकार, असे म्हणतात. या आक्षेपाने चळवळीचे जेवढे नुकसान केले तेवढे सेन्सॉरनेही केले नसेल. ‘वन लव्ह’मधला ‘मी’ कोणाचे गुणगान करतो? तो पत्र लिहितो, दुसऱ्यांची खबर देतो, बारा वर्षांच्या पोराजवळ उभा राहतो. तो पाहणारा आहे. पाहणारा कोणी तरी एक असावा लागतो, वर्गाला डोळे नसतात. उलट आमच्या आजच्या गाण्यांतला ‘आम्ही’ कोण असतो? तो शेतकरी असतो, कामगार असतो, दलित असतो, स्त्रीही असतो. तो उठतो, पेटतो, लढतो, आणि त्याला नाव, गाव, कर्ज, मुलेबाळे काहीच नसते. असा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आमचे गाणे नेहमी असे नव्हते. सत्यशोधकी जलशांनी लग्नविधीतला भट, त्याची दक्षिणा आणि कर्जात बुडणारा कुणबी हे तिन्ही रंगमंचावर प्रत्यक्ष आणून उभे केले. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गाजली. ती गाजण्याचे कारण लढ्याचे समर्थन एवढेच नव्हते. मुंबईस पोटासाठी आलेला एक नवरा आणि गावी राहिलेली त्याची बायको, ही ताटातूट त्यात आधी घडते. तिचे रूप, तिचे दागिने, निरोपाची घटका हे सारे सांगून झाल्यावर मग महाराष्ट्रापासून तुटलेला सीमाभाग येतो. त्या विरही माणसाचे ऐकलेले असते म्हणून श्रोता पुढचे राजकारण ऐकतो. अण्णाभाऊंना हा क्रम ठाऊक होता. आम्ही सीमाभाग ठेवला आणि मैनेला गाळून टाकले.

विलास घोगरे यांचे नाव नव्या साथींना ठाऊक नसेल. आव्हान नाट्य मंचाचा हा शाहीर झोपडपट्टीत राहिला आणि झोपडपट्टीचे गायला. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात त्यांचे गाणे आहे, ते लोकांना एक कथा ऐकण्यास बोलावते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तेव्हा त्यांच्या डोक्याला निळे फडके बांधलेले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसाने शेवटी तो रंग का निवडला असेल, या प्रश्नावर डाव्या मंडळींनी बराच काळ मौन पाळले. वर्गाच्या ‘आम्ही’मध्ये त्यांच्या जातीच्या ‘मी’ला जागा उरली नव्हती, असे माझे मत आहे. त्याच वर्षी, मार्चमध्ये, नटोरियस बी. आय. जी. हा ब्रुकलिनचा कवी चोविसाव्या वर्षी गोळ्यांना बळी पडला होता. टुपाक त्याआधी सहा महिने, पंचविसाव्या वर्षी. या मृत्यूंची कारणे एक नाहीत आणि ती एक करण्याचा सवंगपणा मी करणार नाही. परंतु त्या दोघांच्या मरणावर ग्रंथ निघाले आणि घोगरे यांची गाणी आपल्या किती पथकांना पाठ आहेत, हे प्रत्येकाने आपल्या तालुक्यात विचारून पाहावे.

आजची आमची गाणी कशी बनतात ते सर्वांस माहीत आहे. जिल्हा समिती विषय ठरविते: महागाई, खाजगीकरण, शेतकरी आत्महत्या. मग कोणी शिक्षक साथी जुन्या चालीवर शब्द बसवितो. त्यात शोषण असते, एल्गार असतो, मशाल हटकून असते. आता माझा प्रश्न असा. जिंतूर तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारे जोडपे या गाण्यात का नाही? कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. दोन माणसांचे एक हत्यार करणारा हा शब्द आमच्या एकाही गीतकाराला टोचला नाही काय? मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत न संपणारा हंगाम, आजारीपणाचा खाडा, फडाशेजारची कोपी, वाढे विकून आणलेले मीठ-मिरची, गावी म्हाताऱ्या सासूपाशी ठेवलेली आणि शाळेच्या हजेरीपटावर फक्त नाव उरलेली मुलगी. यांतल्या एकेका गोष्टीवर एक ‘इल्मॅटिक’ होईल. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि मराठवाड्याच्या मोंढ्यांत शेतकऱ्याने त्याहून कितीतरी खाली माल घातला. हा आकडा मी एका तरी गाण्यात ऐकण्यास उत्सुक आहे. गाण्यात आकडा येऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी जात्यावरच्या ओव्या वाचाव्यात. हेमा राईरकर व गी पोइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासरचे अंतर, साडीची किंमत, दुष्काळाचे साल, भावाचे नाव हे सारे येते. त्या बायांना विषय ठरवून देणारी जिल्हा समिती नव्हती.

या काव्यात स्त्रियांविषयी जे गलिच्छ बोलले गेले आहे, त्याचे समर्थन मी करीत नाही. ‘ब्रेंडा’ लिहिणाऱ्या टुपाकच्याच इतर गाण्यांत ते आहे. पण त्याचा निषेध कोणी केला? मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चाललेल्या सी. डेलोरेस टकर यांनी, म्हणजे काळ्या चळवळीतल्याच एका ज्येष्ठ स्त्रीने. आणि क्वीन लतिफा या कवयित्रीने १९९३ साली त्याच तालात, त्याच रस्त्याच्या भाषेत, अपमान करणाऱ्या पुरुषांना उत्तर दिले. वाद त्या वस्तीतल्या बायकांनी केला. आमच्या ज्येष्ठ साथींनी त्यांच्या वतीने नाक मुरडण्याची गरज नाही. शिवाय तमाशाचे ‘लोककला’ म्हणून गोडवे गाताना हीच चाळणी आम्ही कधी लावली होती?

पैशाचा सोस हा आरोप अधिक गंभीर आहे, आणि येथे अर्थशास्त्राचे काम पडते. वू-टँग क्लॅन या मंडळीचे १९९३ च्या संग्रहातील एक प्रसिद्ध गाणे आहे, रोकड सर्वांवर राज्य करते अशा आशयाचे. ते वरवर ऐकणाऱ्यास धनाची आरती वाटते. प्रत्यक्षात पंधराव्या वर्षी तुरुंगात गेलेल्या मुलाची ती कैफियत आहे. दशक संपता संपता मात्र त्याच प्रकारच्या गाण्यांत गाड्या, दागिने व दारूच्या बाटल्यांची जंत्री उरली, कैफियत गेली. हे कवींच्या नीतिभ्रष्टतेमुळे झाले असे मी मानीत नाही. दोन घटना पाहा. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या गायकाविरुद्ध निकाल दिला. जुन्या तबकडीतला तुकडा घेऊन त्यावर आपले शब्द रचणे हा या कलेचा पायाच होता. न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभ बायबलातील चोरी न करण्याच्या आज्ञेने केला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला परवानगी व दाम लागू लागले आणि ज्याच्यापाशी कंपनीचा पैसा त्यालाच जुने ठेके परवडू लागले. आमच्याकडे आंबेडकरी गीतकारांनी चित्रपटांच्या आणि लोकगीतांच्या चाली घेतल्या, खेड्यातल्या भजनी मंडळांनी तेच केले. चाल सर्वांची, सांगणे ज्याचे त्याचे, अशी ही वहिवाट होती. तिच्यावर असा दावा लागला असता तर निम्मे आंबेडकरी गीत जन्मालाच आले नसते.

दुसरी घटना फेब्रुवारी १९९६ ची. अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने दूरसंचार कायदा झाला आणि एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनेल या कंपनीकडे आधी चाळीसएक केंद्रे होती. काही वर्षांतच ती सुमारे बाराशे झाली. पूर्वी एखाद्या शहरातील केंद्राचा निवेदक त्या शहराच्या वस्तीतील मुलाचे गाणे लावू शकत असे. आता काय वाजवावयाचे याची यादी दूरच्या मुख्यालयात होऊ लागली. बाराशे केंद्रांवर वाजवायचे गाणे कोणत्याही एका वस्तीचे असून चालत नाही. गाडी आणि दागिने सर्वत्र सारखेच कळतात. क्वीन्सब्रिजच्या बाकावरचा पोर कळण्यास थांबावे लागते. भांडवलाच्या केंद्रीकरणाचा परिणाम कवितेच्या शब्दसंपत्तीवर कसा होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. कॉमन या शिकागोच्या कवीला तर हे आधीच उमगले होते. त्याने १९९४ सालीच हिपहॉपला एका प्रेयसीचे रूप देऊन, ती कशी बिघडत गेली याचे गाणे लिहिले.

तेव्हा साथीहो, बाजाराने तेथे जे केले तेच आम्ही येथे बाजाराशिवाय, केवळ शिस्तीच्या बळावर करून दाखविले. तेथे मुख्यालयाची यादी, येथे समितीचा विषय.

आणि हे चालू असताना मराठी मुलांनी आमच्या परवानगीची वाट पाहिलेली नाही. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाने २०१९ साली आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले. त्यात कारशेडचा प्रश्न ज्याच्या घरावर आला त्याचाच आवाज आहे. महादेव कोळी समाजातील माही जी ही तरुणी जंगलाबद्दल गाते. अमरावतीकडे विपिन तातड आणि सौरभ अभ्यंकर हे वैदर्भीय तरुण आपल्या बोलीत लिहितात. सौरभ दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून सर्वदूर पोहोचला. सर्वच चांगले आहे असे नाही. पुष्कळसे टाकाऊ आहे, अमेरिकेच्या उत्तरकालातल्या बाटल्या आणि गाड्या मराठीत आणण्याचा उद्योगही जोरात आहे, आणि शिवकालाच्या नावाने नुसत्या आरोळ्या मारणारेही आहेत. निवड करावी लागेल. परंतु निवड करण्यासाठी आधी ऐकावे लागते. ‘वन लव्ह’ ऐकण्यास साडेपाच मिनिटे पुरतात, आपल्या शिबिरांतील स्वागतपर भाषणे याहून लांब असतात.

सत्ताधाऱ्यांनी मात्र ऐकले. एप्रिल २०२३ मध्ये नुकतेच छत्रपती संभाजीनगर झालेल्या औरंगाबादच्या राज मुंगासे या तरुणावर, राज्यातील सत्तांतरावर केलेल्या रॅपबद्दल गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडे यांच्यावरही. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर व ज्योती जगताप यांना अटक झाली होती. कोणत्या गाण्याला भ्यावे हे पोलीस ठाण्याला बरोबर कळते. खोक्यांचा हिशेब मांडणारे गाणे त्याला सहन होत नाही; मशालीच्या गाण्याला ते बंदोबस्त देते. आमच्या सांस्कृतिक आघाडीवर गेल्या कित्येक वर्षांत एकही गुन्हा दाखल झालेला नाही, हे भूषण समजावे काय?

माझी सूचना मोठ्या खर्चाची नाही. पुढच्या जिल्हा शिबिरात कलापथकासाठी विषय ठरविण्याचे कलम कार्यक्रमपत्रिकेवरून काढावे आणि त्या वेळात जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड येथील कोणाही मुलाने वा मुलीने आपल्या घरात घडलेले काही, रॅपमध्ये, ओवीत, गोंधळाच्या ढंगात, ज्याला जे येईल त्यात सांगावे. आधी कागद तपासण्यास मागू नये. एखाद्याने आपल्याच पक्षाच्या बाजार समितीतील संचालकाचे नाव घेतले तर त्यास माइकवरून खाली उतरवू नये. आणि असे सांगणाऱ्या मुलावर उद्या कोणी गुन्हा नोंदविला तर त्याचा वकील कोण व त्याची फी कोठून, हे जिल्हा समितीने शिबिरापूर्वी ठरवून ठेवावे. त्या निधीत माझ्या निवृत्तिवेतनातून दरमहा जमेल ती रक्कम मी देईन, तसे पत्र चिटणीसांकडे पाठविले आहे.